कम्फीयूआयचे कस्टम नोड: वापरता वापरता कळलेलं

मी गोष्टींसाठी चित्रं काढते. दिवाळी अंकांसाठी, मुलांच्या पुस्तकांसाठी. हाताने काढतेच, पण गेली काही वर्षं कम्फीयूआयमध्येही काम करते. वाक्य लिहा आणि चित्र घ्या, अशा साधनांत मधलं काहीच दिसत नाही. कम्फीयूआयमध्ये सगळं उघड्यावर असतं. एक चौकट मॉडेल उचलते, दुसरी शब्द घेते, केसॅम्पलर नावाची चौकट टप्प्याटप्प्याने गोंगाटातून आकार काढते, व्हीएई त्याचे पिक्सेल करते, आणि या साऱ्या चौकटी तारांनी जोडलेल्या समोर दिसतात. या चौकटी म्हणजे नोड. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर जानेवारी २०२३मध्ये आलं, आणि ते आपल्याच संगणकावर चालतं. त्याच्या 'कस्टम नोड्स' या फोल्डरात पायथनमध्ये लिहिलेली नवी चौकट ठेवली की ती मूळ चौकटींच्या बरोबरीने वापरता येते. अशा चौकटींचे संच आज हजारोंनी आहेत.

त्यातले मोजकेच घ्यावेत आणि घेतलेल्या प्रत्येकाच्या आत काय चालतं ते समजून घ्यावं, असं माझं ठाम मत झालं आहे. चित्र आपलं राहतं ते त्यामुळे.

१. आधी मूळ नोडांवर काम करा

दुसऱ्याचा वर्कफ्लो, म्हणजे नोडांचा जोडलेला आराखडा, उघडला की आपल्याकडे नसलेल्या अर्ध्या चौकटी लाल दिसतात. मग संच बसवून देणाऱ्या मॅनेजरमध्ये जाऊन 'नसलेले नोड बसवा' म्हटलं की दहा-बारा संच एकदम येऊन पडतात. यातून चित्र निघतं, पण ते कुठल्या चौकटीत बिघडतंय हे ओळखण्याची सवय लागत नाही.

मुळातच पुष्कळ दिलेलं आहे: मास्क रंगवण्याचा एडिटर, चित्राचा एखादा भागच पुन्हा काढणं, लोरा (मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी) जोडणं, कंट्रोलनेट लावणं, मॉडेल वापरून चित्र मोठं करणं. मेमरी कमी असेल तर व्हीएईचं काम तुकड्यातुकड्यांनी करणारी चौकटही आहे. शिवाय मूळ सॉफ्टवेअर वाढत जातं. पसरलेला आराखडा आवरण्यासाठी पूर्वी वेगळे संच घ्यावे लागत. २०२५मध्ये सबग्राफ आले आणि अनेक नोड एका चौकटीत गुंडाळण्याची सोय मुळातच झाली. म्हणून नवा संच घेण्याआधी मी मूळ नोडांची यादी पुन्हा चाळते.

२. अडचण नेमकी सांगता आली की नोड सापडतो

'चित्र चांगलं येत नाही' याला कुठलाच नोड उत्तर देत नाही. 'दूरच्या माणसांचे चेहरे वितळल्यासारखे येतात' याला उत्तर देणारा नोड आहे.

हे का होतं ते समजलं की बरंच काही समजतं. स्टेबल डिफ्यूजन १.५ हे मॉडेल ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र काढतं, पण त्याचं खरं काम चालतं त्याच्या आठपट आखडलेल्या रूपावर, म्हणजे ६४ बाय ६४ घरांवर. मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ४८ पिक्सेलचा असेल तर मॉडेलच्या वाट्याला त्या चेहऱ्यासाठी सहा बाय सहा घरं येतात. दोन डोळे, नाक, ओठ, मिशी हे सगळं एवढ्या जागेत बसवायचं. ते बसत नाही. प्रॉम्प्टमध्ये 'रेखीव चेहरा' असं कितीही वेळा लिहिलं तरी घरं वाढत नाहीत.

इम्पॅक्ट पॅक या संचातला फेसडिटेलर हा नोड याच्या मुळावर काम करतो. तो चित्रातले चेहरे शोधतो, प्रत्येक चेहरा आजूबाजूच्या थोड्या भागासह कापून घेतो, मोठा करतो, त्या मोठ्या आकारात मॉडेलकडून पुन्हा काढून घेतो आणि लहान करून जागच्या जागी चिकटवतो. आता चेहऱ्याला भरपूर घरं मिळालेली असतात.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगते. वेगळं काही सांगितलं नाही तर हा नोड एकच प्रॉम्प्ट सगळ्या चेहऱ्यांना लावतो. चावडीवर बसलेल्या पाच म्हाताऱ्यांचं चित्र असेल आणि डीनॉइजचा आकडा (चित्र किती बदलू द्यायचं ते) वर ठेवला असेल, तर पाचही जण एकाच तोंडवळ्याचे तरुण होऊन बाहेर येतात. गोष्टीतली माणसं हरवतात. मी डीनॉइज ०.३ ते ०.४ च्या आसपास ठेवते, आणि महत्त्वाच्या पात्राचा चेहरा वेगळा निवडून त्याला त्याचा स्वतःचा प्रॉम्प्ट देते. त्या संचात चेहरे आकाराने किंवा जागेने गाळून घेण्याचे नोड आहेत, ते यासाठी उपयोगी पडतात.

३. रेघ ज्याच्या हाताला येते त्याने कंट्रोलनेटचा संच घ्यावा

एकच संच घ्यायची परवानगी असेल तर मी कंट्रोलनेटचे पूर्वतयारी नोड देणारा संच घेईन. कंट्रोलनेटचा शोधनिबंध फेब्रुवारी २०२३मध्ये आला आणि चित्रकारांसाठी या तंत्राचा अर्थच बदलला. त्याआधी मॉडेलला बहुतांशी शब्दांनीच विनवावं लागायचं. आता आपली रेघ, आपली मांडणी, आपल्या फोटोतलं जवळ-दूरचं अंतर मॉडेलला पाळायला लावता येतं. कंट्रोलनेट लावणारी चौकट मुळात आहे. मात्र फोटोतून कडा, सांगाडा किंवा खोली काढून देणाऱ्या बहुतेक चौकटी या संचातून येतात. त्यातला कॅनी हा कडा शोधण्याचा प्रकार तर १९८६चा आहे.

स्वतःचं रेखाचित्र वापरणाऱ्याला पूर्वतयारीचा नोड लागतच नाही. रेघ तुम्ही आधीच काढलेली आहे. लागतो तो फक्त रंग उलटवणारा साधा मूळ नोड, कारण लाइनआर्टच्या कंट्रोलनेटला काळ्यावर पांढरी रेघ हवी असते आणि आपण कागदावर नेमकं उलटं काढतो. स्कॅन केलेलं चित्र तसंच लावलं तर मॉडेल कागदाचा पांढरा भागच आकार समजतं.

नऊवारी नेसलेली बाई जमिनीवर मांडी घालून जातं ओढते आहे, असं चित्र काढून पाहा. केवळ शब्दांनी मागितलं तर माझ्या अनुभवात नऊवारीऐवजी कुठल्या तरी सिनेमातला घागरा येतो, आणि काष्टा तर येतच नाही. मॉडेलने अशी चित्रं फार कमी पाहिली असावीत. मग मी ओळखीच्या बाईंना बसवून, त्यांच्या संमतीने फोटो काढला. ओपनपोझने फोटोतला सांगाडा काढून पाहिला, तर लुगड्याखाली झाकलेले गुडघे त्याला कळेनात. खोली मोजणारा नोड मात्र कामाला आला: मांडीचा उंचवटा, पुढे आलेला हात, मागे गेलेली पाठ हे सारं त्याने करड्या छटांत नीट मांडलं. बसण्याची ढब त्यातून आली. काष्ट्याच्या निऱ्या मी हातानेच काढल्या, लाइनआर्टने तेवढा भाग पुन्हा रंगवून घेतला. जे मॉडेलला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असलं पाहिजे आणि रेघेतून देता आलं पाहिजे.

पकड किती ठेवायची हाही प्रश्न असतो. कंट्रोलनेट शेवटच्या टप्प्यापर्यंत घट्ट धरलं की चित्र छापील ठशासारखं निर्जीव होतं. मी बहुतेक वेळा साठ-सत्तर टक्के टप्प्यांनंतर पकड सोडते. मांडणी तोवर ठरलेली असते. पुढचा पोत मॉडेलला मोकळेपणाने काढू द्यावा.

४. नमुना चित्र चौकोनी कापलं जातं, हे ध्यानात ठेवा

एकाच पात्राची चार-पाच चित्रं हवी असतील तर आयपी-ॲडॉप्टरचे नोड लागतात. शब्दांऐवजी एक चित्र दाखवायचं आणि 'याच्यासारखं' म्हणायचं. हे नमुना चित्र पाहणारा भाग सहसा २२४ बाय २२४ पिक्सेलचा चौरसच पाहतो, आणि उभं किंवा आडवं चित्र दिलं तर मधला चौरस ठेवून बाकीचं कापून टाकतो. उभ्या फोटोत चेहरा वर असेल तर मॉडेलला फक्त पोट आणि पदर दिसतो. लोक मग वजनाचा आकडा वाढवत बसतात. संचातच नमुना आधी नीट कापून घेण्याची चौकट आहे. नाहीतर आपण स्वतः चौरस कापून द्यावा.

५. सोयीचे नोड

आरजीथ्रीचा संच मी प्रत्येक नव्या संगणकावर घेते: दोन चित्रं एकावर एक ठेवून सरकत्या रेघेने ताडून पाहणं, आराखड्याचा एखादा गट एका बटणाने बंद करणं, सीड (ज्या आकड्यावरून सुरुवातीचा गोंगाट ठरतो तो) हातात ठेवणं. एवढं पुरतं. तारा लपवणारे नोड मी टाळते, कारण तार दिसली की चूक दिसते.

६. लहान ग्राफिक कार्ड असेल तर जीजीयूएफ

ऑगस्ट २०२४मध्ये फ्लक्स हे चित्र काढणारं मॉडेल आलं. बारा अब्ज पॅरामीटर, म्हणजे सोळा बिटांत ठेवलं तर नुसत्या मॉडेललाच २४ जीबी. आपल्याकडे घरच्या कामासाठी एवढं कार्ड घेणारे थोडे. जीजीयूएफ हा प्रकार मुळात भाषेच्या मॉडेलांसाठी वापरात आला. त्यात आकडे कमी बिटांत साठवतात. ते वाचणारा एक लहानसा कस्टम नोड आला आणि चार बिटांतलं फ्लक्स सात जीबीच्या आसपास बसू लागलं. शब्द समजून घेणारं टी५ हे मॉडेल वेगळं आणि तेही मोठं असतं, त्यालाही लहान रूपात घ्यावं लागतं. वेग किंचित कमी होतो, बारीक पोतात थोडा फरक पडतो. पण ज्याच्याकडे आठ जीबीचं कार्ड आहे त्याला यामुळे दार उघडलं, आणि माझ्या मते हा इतक्या साऱ्या संचांमधला सर्वांत लोकोपयोगी नोड आहे.

७. कस्टम नोड म्हणजे तुमच्या संगणकावर चालणारा परका प्रोग्राम

हे मी नव्या मुलांना पहिल्यांदा सांगते. नोड ही रंगीत चौकट वाटते, पण ती पायथनची फाइल आहे. तुमच्या फायली, तुमचा ब्राउझर, तुमचं नेट, जे जे तुम्हाला उघडता येतं ते तिलाही येतं. आणि ती आराखड्यात वापरली नाही तरी कम्फीयूआय सुरू होताच ती वाचली जाते, तिच्यातला सुरुवातीचा कोड तेव्हाच चालतो.

जून २०२४मध्ये एलएलएमव्हिजन नावाचा एक कस्टम नोड असाच उघडकीला आला. बाहेरून तो चित्र पाहून वर्णन लिहिणाऱ्या मॉडेलांशी जोडून देणारा उपयोगी नोड होता. आतून, ओळखीची नावं लावलेल्या बनावट पॅकेजमधून तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि कार्डाची माहिती चोरून बाहेर पाठवत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसराच प्रकार घडला. वस्तू ओळखणारी अल्ट्रालिटिक्स ही प्रतिष्ठित लायब्ररी, जी तेव्हा इम्पॅक्ट पॅकसारख्या संचांनाही लागत होती, तिच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांत कुणीतरी परस्पर आभासी चलनाची नाणी खणणारा प्रोग्राम घुसवला. इथे नोड लिहिणारा प्रामाणिक होता, लायब्ररी करणारेही प्रामाणिक होते. तरी ज्यांनी त्या दिवसांत अपडेट केलं त्यांच्या यंत्रावर तो पोहोचला.

म्हणून माझे काही नियम आहेत. नवा नोड आला की मी लगेच घेत नाही, काही आठवडे जाऊ देते. लागणाऱ्या पॅकेजांची यादी उघडून वाचते. त्यात एखाद्या अनोळखी ठिकाणाहून थेट फाइल उतरवायला सांगितली असेल तर तो नोड सोडून देते. मॉडेलच्या फायली शक्यतो सेफटेन्सर्स या प्रकारातल्या घेते, कारण जुन्या सीकेपीटी आणि पीटी फायलींत कोड लपवता येतो. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार करते त्यावर कम्फीयूआय ठेवत नाही. कम्फीयूआयला पासवर्ड नसतो, तेव्हा ते घरच्या जाळ्याबाहेर उघडंही करत नाही.

८. काम अर्ध्यावर असताना अपडेट करू नये

अंकाची तारीख ठरलेली असते, नोडांची नसते. मार्च २०२४मध्ये आयपी-ॲडॉप्टरचा सर्वांत वापरला जाणारा संच नव्याने लिहिला गेला. तो आधीपेक्षा चांगला झाला, पण त्या नोडांवर उभे असलेले जुने वर्कफ्लो त्या दिवशी बंद पडले. लेखकाने हे आधी स्पष्ट लिहिलं होतं. प्रश्न आपल्या वेळापत्रकाचा असतो.

एक पुस्तक सुरू झालं की मी मॅनेजरमधून स्नॅपशॉट घेते. त्यात प्रत्येक संचाची नेमकी आवृत्ती नोंदली जाते. पुस्तक छापायला जाईपर्यंत काहीच हलवत नाही. मोठ्या कामासाठी कम्फीयूआयची पूर्ण वेगळी प्रतच ठेवते. मॉडेलांच्या जड फायली दोन्ही प्रतींना एकाच फोल्डरातून वापरता येतात, तेव्हा डिस्क भरत नाही.

भांडण बहुतेक वेळा नोडांचं नसतं, त्यांच्या खालच्या लायब्ररींचं असतं. एका संचाला नमपाय या लायब्ररीची दुसरी मालिका हवी, दुसऱ्याला पहिलीच. जो शेवटी बसवला त्याचं खरं होतं आणि आधीचा मोडतो. विंडोजच्या पोर्टेबल प्रतीत पायथन तिच्याच फोल्डरात असतं, त्यामुळे पॅकेज त्याच पायथनमध्ये बसवावं लागतं. संगणकाच्या मुख्य पायथनमध्ये बसवून उपयोग नाही. काही बिघडलं की आधी सगळे कस्टम नोड बंद ठेवून सुरू करावं. चाललं, तर निम्मे संच परत ठेवून पाहावं, मग उरलेल्यांतले निम्मे. दोषी संच लवकर सापडतो.

कम्फीयूआयने साठवलेल्या पीएनजी फाइलीत पूर्ण आराखडा लपलेला असतो. ती फाइल पडद्यावर ओढली की सगळ्या चौकटी परत उभ्या राहतात. माझ्यासाठी ही दैनंदिनी आहे. संपादकांना पाठवताना मात्र मी ही माहिती काढून टाकते. कधी कधी प्रॉम्प्टमध्ये अप्रकाशित गोष्टीतली वाक्यं असतात, आणि ती लेखकाची आहेत.

९. परवाने दोन असतात

नोडाचा कोड मुक्त असतो म्हणून त्याने उतरवलेलं मॉडेल मुक्त असेलच असं नाही. चेहरा हुबेहूब धरणारे फेसआयडीचे नोड इनसाइटफेसच्या मॉडेलांवर चालतात, आणि ती मॉडेलं फक्त बिनव्यापारी संशोधनासाठी दिलेली आहेत. विकल्या जाणाऱ्या पुस्तकात ती मी वापरत नाही. पार्श्वभूमी कापण्यासाठी ब्रियाचं आरएमबीजी १.४ उत्तम आहे, पण तेही बिनव्यापारीच. त्याऐवजी एमआयटी परवान्याचं बायरेफनेट घेतलं की मन स्वच्छ राहतं. ज्या चित्रकाराला स्वतःच्या हक्काची काळजी आहे त्याने दुसऱ्याची अट वाचलीच पाहिजे.

१०. नोड लिहिणाऱ्याला विचारून, कळवून राहा

यातले पुष्कळ संच एकेका माणसाने रात्री जागून लिहिलेले आहेत. एप्रिल २०२५मध्ये आयपी-ॲडॉप्टरच्या त्याच संचाच्या लेखकाने जाहीर केलं, की यापुढे फक्त देखभाल होईल. दोनशेहून अधिक नोड असलेला डब्ल्यूएएस हा जुना संचही आता वाचण्यापुरताच उरला आहे. म्हणून अडचण कळवताना मी पूर्ण त्रुटीसंदेश, आवृत्ती आणि चूक दाखवणारा सर्वांत लहान आराखडा पाठवते. जमेल तेव्हा पैसेही पाठवते. ज्यावर माझं पोट आहे ते कुणीतरी फुकट दिलेलं आहे, याची जाणीव मला रोज असते.

११. आपल्या गरजेचा नोड आपण लिहावा

हे वाटतं तितकं अवघड नाही. पायथनचा एक वर्ग: आत काय येतं, बाहेर काय जातं, कोणतं फंक्शन चालवायचं आणि यादीत कुठे दिसायचं, एवढं सांगितलं की चौकट उभी राहते. चित्र आत येतं ते शून्य ते एकमधल्या आकड्यांच्या रूपात: चित्रांची संख्या, उंची, रुंदी, रंग या क्रमाने.

मी लिहिला तो चित्रावर देवनागरी मथळा टाकणारा नोड. मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा संपादकांना दाखवताना नाव वर असलेलं बरं. मॉडेलकडून नाव लिहून घ्यायला गेलं तर जोडाक्षरांची लक्तरं होतात. मजकूर टाकणारे तयार नोड आहेत, पण मी पाहिलेल्या नोडांत देवनागरी मोडत होती: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे, जोडाक्षर पाय मोडून सुटं होई. कारण साधं आहे. हे नोड पिलो ही लायब्ररी वापरतात, आणि तिची साधी मांडणी अक्षरामागे अक्षर ठेवत जाते. आपल्या लिपीत असं चालत नाही. अक्षरं आधी एकमेकांशी जुळवून मग काढावी लागतात. पिलोमध्ये राक्म नावाची दुसरी मांडणी आहे, ती हे करते. मात्र तिला फ्रीबिडी ही लायब्ररी लागते आणि विंडोजवर ती वेगळी आणून ठेवावी लागते. ते केलं की वेलांटी जागेवर येते.

पुढे अजून एक पायरी आहे. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे असतात. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं आहेत, तो भाषा सांगितल्याशिवाय मराठी वळण देत नाही. राक्ममध्ये मजकुराची भाषा सांगण्याची सोय आहे; तिथे मराठीचा संकेत दिला की ल आपला येतो.

हा नोड नव्या संगणकावर बसवला की मी पाच शब्द टाकून पाहते: शक्ती, सूर्य, विठ्ठल, तऱ्हा, लिंबू. पहिल्यात क्त आणि श, दुसऱ्यात रफार, तिसऱ्यात वेलांटी आणि ठ्ठ, चौथ्यात तो खास मराठी अर्धा र, पाचव्यात वेलांटी, ल आणि अनुस्वार एकत्र. पाचही बरोबर उमटले तर कुठलंही मराठी शीर्षक त्यावर टाकायला हरकत नाही.